हार्पवादिनी आणि तिचें नांव

समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर राजाच्या मांडीवर जी धनुष्याकृति वीणा दिसते, तिच्याच कुळांतलें पाश्चात्त्य वाद्य म्हणजे हार्प. युरोपांत तें फार काळ दिवाणखान्यांतील कुलीन कन्यांचें भूषण मानलें गेलें. त्यामुळें इतर स्त्रियांस वाद्यवृंदाचीं दारें बंद असतांही हार्पवादिनीस आंत प्रवेश मिळे. परंतु प्रवेश मिळणें निराळें आणि मान मिळणें निराळें. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या विख्यात वाद्यवृंदांत ॲना लेल्केस हिनें वीस वर्षांहून अधिक काळ हार्पवादन केलें. तिला सभासद करून घेतलें तें मात्र १९९७ सालीं!

रॉक संगीत स्वतःस बंडखोर म्हणवितें. पण तेथेंही प्रकार तोच. बीटल्सच्या ‘शीज् लीव्हिंग होम’ या गाण्याचा प्रारंभ हार्पच्या झंकारानें होतो. त्या तारा १७ मार्च १९६७ रोजीं शीला ब्रॉमबर्ग यांनीं छेडल्या. बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकेंत वादन करणारी ही पहिली स्त्री. मोबदला ९ पौंड. वेष्टनावर नांव नाहीं. घर सोडून निघालेल्या मुलीच्या गाण्याचें दार एका स्त्रीनें उघडावें आणि तिचें नांव मात्र उंबऱ्याबाहेरच राहावें, हा योगायोग मनास बोंचतो.

ही पार्श्वभूमि ध्यानांत घेतल्यावांचून जोॲना न्यूसम या अमेरिकन गायिकेच्या ‘ईस’ (२००६) या संग्रहाचें मोल कळणार नाहीं. हार्प मध्यभागीं आणणारी ती पहिली नव्हे. जॅझमध्यें डोरोथी ॲश्बी व ॲलिस कोल्ट्रेन यांनीं तें कार्य पूर्वींच केलें होतें. तथापि गीत, चाल, गायन आणि वादन हीं चारही एकाच स्त्रीचीं असावींत, आणि अवघ्या पांच गाण्यांनीं सुमारें ५५ मिनिटें श्रोत्यास खिळवून ठेवावें, हें सामर्थ्य विरळा. हार्पच्या ४७ तारांवरून बोटें सरकवून उठणारी शोभेची लहर, एवढीच पुष्कळ संगीतकारांनीं या वाद्याची कामगिरी ठरविली होती. न्यूसम तिच्यावर विसंबत नाहीं. तिचे दोन हात दोन निराळ्या लयींत चालतात आणि गळा तिसरीच वाट धरतो. तरी समेचें भान सुटत नाहीं.

तिच्या आवाजास बालिश म्हणणाऱ्या टीकाकारांशीं आमचा मतभेद आहे. तो आवाज मधुर नसेल. पण शब्दाच्या अर्थाबरोबर तो चिरतो, कांपतो, आणि म्हणूनच खरा वाटतो. खरा दोष अन्यत्र आहे. व्हॅन डाइक पार्क्स यांची वाद्यवृंदरचना कुशल खरी, परंतु ओळीओळीस दाद देण्याच्या उत्साहांत ती कित्येकदां हार्पलाच झांकोळून टाकते. ‘सॉडस्ट अँड डायमंड्स’ या गाण्यांत सारा वृंद बाजूस होतो. केवळ एक कंठ आणि एक हार्प उरतें, आणि संग्रहाचें शिखर नेमकें तेथेंच आहे. ज्या वाद्यास इतके दिवस साथीला बसविलें, त्यास कोणाचीच साथ नको होती, हें तेथें कळून चुकतें.

ब्रॉमबर्ग २०२१ सालीं निवर्तल्या. त्यांचें नांव आज रसिकांस ठाऊक आहे. पण न्याय व्हावयास फार विलंब लागला. सूर आवडला असतां तो कोणाच्या बोटांतून आला हें विचारणें, हा उपकार नव्हे. तें रसिकाचें, आणि त्याहूनही टीकाकाराचें, पहिलें कर्तव्य आहे.