लाज कोणाची?

बलात्काराविषयी बोलताना आपण आजही सहज म्हणून जातो, ‘तिची अब्रू गेली.’ ज्याने अत्याचार केला त्याची अब्रू शाबूत आणि जिच्यावर झाला तिची गेली! हा उलटा न्याय फार जुना आहे. फिलिस ट्रिबल या अमेरिकन विदुषीने १९८४ साली हिब्रू धर्मग्रंथातील अशा कथांना दहशतीच्या संहिता म्हटले. त्यांतल्या दोन कथांना मी एवढेच विचारतो : लाज कोणाच्या पदरी टाकली?

पहिली कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील, दावीद राजाची मुलगी तामार हिची. सावत्र भाऊ अम्नोन आजाराचे सोंग घेऊन तिला बोलावतो. ती विरोध करते. त्याच्या कृत्याला ती ‘नेबाला’ म्हणते, म्हणजे नीच कर्म. स्वतःच्या वाट्याला येणाऱ्या लाजेसाठी तिचा शब्द आहे ‘हेर्पा’, म्हणजे लोकांनी केलेली निर्भर्त्सना. कर्म त्याचे, लाज मात्र समाज आपल्या माथी मारणार, हे ती ओळखून आहे. तरी ती लपत नाही. अंगावरचे वस्त्र फाडून, डोक्यावर राख घालून आक्रोश करीत निघते. तिला गप्प बसवतो तो सख्खा भाऊ अबशालोम. बाप संतापतो, करीत काहीच नाही. दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनचा खून करवतो. तामारची मात्र भावाच्या घरातली उद्ध्वस्त कोठडी सुटत नाही.

तामार राजकन्या, म्हणून तिला शब्द तरी मिळाले. ‘शास्ते’ या पुस्तकातील लेवीच्या उपपत्नीला नावही नाही. गिबा गावात जमाव दाराशी येतो, तेव्हा लेवी स्वतःला वाचवण्यासाठी तिला बाहेर काढतो. रात्रभराच्या अत्याचारानंतर ती उंबऱ्याशी कोसळते. तिच्या देहाचे बारा तुकडे तो इस्राएलभर पाठवतो आणि सभेपुढे साक्ष देताना आपण तिला बाहेर काढले, एवढेच गाळतो. तिच्या नावाने युद्ध होते. त्यानंतर उरलेल्या पराभूतांना बायका हव्यात म्हणून याबेशच्या ४०० कुमारिका धरून आणतात. त्या पुरत नाहीत, तेव्हा शिलोच्या मुली पळवतात.

पण ग्रंथाने लेवीचे कृत्य आधीच नोंदवले आहे, म्हणून त्याची लबाडी आपल्याला पकडता येते. आपल्या वस्त्यांवरील अत्याचारांच्या जबान्याही अशाच वाचल्या पाहिजेत. कोण बोलले, कोणाला बोलू दिले नाही, आणि काय गाळले?