नऊ रोहित आणि एक मच्छीमार

छायाचित्रात आधी दिसतात ते पाय. पक्षी नऊ, पाय मात्र सोळाच. डावीकडचे दोघे एका पायावर उभे राहून, मान पाठीच्या पिसांत खुपसून झोपले आहेत. त्यांच्या उजवीकडे सहा जणांची डोकी पाण्यात बुडालेली. या सहांतला एक करडा, मळकट, अजून वयात न आलेला. रोहिताचा गुलाबी रंग जन्माचा नसतो. खाण्यातून मिळणाऱ्या रंगद्रव्यानं तो काही वर्षांत हळूहळू चढतो. नववा पक्षी मात्र मान उंच करून चौकटीच्या मध्यावर उभा आहे. आणि या ओळीमागं, उजव्या बाजूला, एक होडी. होडीच्या टोकाशी जाळ्याचा ढीग, मध्ये पाण्यात बांबू रोवून ताठ उभा असलेला माणूस. त्याचा चेहरा ओळखू येत नाही.

भिगवणचं हे छायाचित्र आमच्या गटातल्या एका मैत्रिणीनं काढलेलं. ती शाळेत गणित शिकवते. आम्ही सगळेच हौशी. रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमतो, टीव्हीला पेनड्राइव्ह लावतो आणि प्रत्येकाची पाच-सहा चित्रं एकेक करून पाहतो. चित्र पडद्यावर आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एमएम? मग प्राइम की झूम, अ‍ॅपर्चर काय, शटर किती, क्रॉप केलंय का. या प्रश्नांना मी कधीच कमी लेखत नाही. गवयाची मैफल ऐकून आलेली माणसं तंबोरा कुठल्या पट्टीत लावला होता हे विचारतात, तितकीच ही चौकशी रसिकतेतली आहे. या चित्राची उत्तरं अशी: ४०० एमएमची प्राइम, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं म्हणजे एफ ५.६, शटर १/१२५० सेकंद, फुल फ्रेम कॅमेरा, क्रॉप नाही.

त्यानंतर गटाचा निकाल आला. चित्र छान आहे, पण होडी नको होती. बॅकग्राउंड क्लीन नाही. एकानं सुचवलं की उजवा भाग कापून टाक, नऊऐवजी सात पक्षी उरले तरी चालतील. दुसरा म्हणाला, हल्ली सॉफ्टवेअरमध्ये होडी पुसायला दहा सेकंद लागतात.

मला हे चित्र आवडतं ते त्या होडीमुळं. ते का, हे जरा सविस्तर सांगायला हवं.

आधी उंची पाहा. मान वर केलेल्या रोहिताच्या तुलनेत तो माणूस दोन तृतीयांशच भरतो. पक्षी माणसापेक्षा उंच दिसतो. मोठा रोहित फार तर दीड मीटरपर्यंत जातो, त्यातले पाय इथं पाण्यात, म्हणजे पाण्यावर सव्वा मीटर धरू. साधारण उंचीचा माणूस या पक्ष्याच्या शेजारी उभा राहिला असता तर सहज वरचढ दिसला असता. मैत्रिणीनं कागदावर त्रैराशिक मांडलं. पक्ष्यानं चौकटीची एक तृतीयांश उंची व्यापली आहे, सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, लेन्स ४०० एमएमची. त्यावरून पक्षी तिच्यापासून साठ मीटरच्या आसपास असणार. आणि माणूस इतका लहान दिसायचा तर तो त्याच्या दुप्पट अंतरावर, सुमारे एकशे वीस मीटरवर असला पाहिजे. पक्ष्यांच्या अलीकडे साठ मीटरवर तिची होडी, पलीकडे साठ मीटरवर मच्छीमाराची.

टेलिफोटो लेन्स अंतर दाबून टाकते असं आपण सगळे म्हणतो. खरं तर दाबणारी लेन्स नसते, तुमची उभं राहण्याची जागा असते. हीच मैत्रीण साधी रुंद कोनाची लेन्स घेऊन पक्ष्यांपासून पाच मीटरवर गेली असती, तर होडी तिच्यापासून पासष्ट मीटरवर, म्हणजे पक्ष्यांच्या तेरापट लांब राहिली असती आणि चित्रात ठिपक्याएवढी उरली असती. साठ मीटरवर थांबल्यामुळं हे प्रमाण दुप्पटीवर आलं. लेन्सनं फक्त त्या दृश्यातला साडेपाच मीटर रुंदीचा तुकडा उचलून चौकटभर केला. आंद्रेआस फाइनिंगर या छायाचित्रकारानं १९४०च्या दशकात हडसन नदीपलीकडच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून मॅनहॅटनच्या इमारतींची चित्रं घेतली, तेव्हा हेच तत्त्व त्यानं शहराला लावलं. त्यासाठी लागणारे टेलिफोटो कॅमेरे त्यानं स्वतःच्या हातांनी बनवले होते. सुतारकाम आणि वास्तुकला शिकलेल्या माणसाला इमारतींची एकमेकींशी असलेली खरी मापं दाखवायची होती आणि त्यासाठी तो लांब गेला. लांब गेल्यावर वस्तूंची आपापसांतली प्रमाणं खरी दिसतात, हे मला या प्रकारच्या छायाचित्रणातलं सगळ्यात मोठं सुख वाटतं.

आता त्या नवव्या पक्ष्याचा डोळा पाहा. फिकट पिवळा, मधोमध काळा ठिपका, कडा अगदी स्वच्छ. डोकं बरोबर बाजूनं दिसतं आहे. रोहिताचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळं आपल्याला दिसणारा डोळा आपल्याकडं आहे आणि न दिसणारा, पलीकडचा डोळा मच्छीमाराकडं. दोन्ही होड्या त्याच्या नजरेत आहेत. तो सावध आहे, पण घाबरलेला नाही, कारण बाकीचे आठ जण खात आहेत किंवा झोपले आहेत. धोका वाटला असता तर सगळ्या माना वर आल्या असत्या, ओळ एका दिशेनं चालू लागली असती. या एका मानेवर नऊ जणांचा निर्धास्तपणा तोललेला आहे. होडी पुसली की पक्षी नुसता रुबाबात उभा राहिलेला दिसेल. तो काय करतो आहे हे कळणार नाही.

आणि मच्छीमार? त्याच्याकडं लेन्स नाही. तो साठ मीटरवरून चालला आहे कारण त्याचा रोजचा रस्ताच तो आहे. पक्ष्यांनी त्याला तितक्या अंतरावर मान्य केलं आहे. आमची मैत्रीण पाहुणी म्हणून येऊन थांबली तीही नेमकी त्याच अंतरावर. हे तिनं मोजून केलं नव्हतं. पक्ष्यांची एक मान वर आली तशी तिनं नावाड्याला सांगितलं, दादा, इथंच राहू द्या. लांब पल्ल्याच्या लेन्सचं खरं देणं मला यात दिसतं. पक्ष्यानं आखून दिलेली हद्द न मोडता ती आपल्याला पाहू देते. या चित्रात ती हद्दच चित्रित झाली आहे, आणि ती दिसावी म्हणून पलीकडं तो माणूस उभा असणं आवश्यक आहे.

नावाड्यानं तिला विचारलं होतं, ताई, उडवू का? बरेच जण तसं मागतात, म्हणून तोही विचारतो. उडालेल्या रोहिताचे पंख उघडले की आतला लालभडक आणि काळा रंग बाहेर येतो, आणि तो फ्लाइट शॉट सगळ्यांना हवा असतो. ती म्हणाली, नको दादा, खाऊ दे त्यांना. त्यामुळं या चित्रात लाल रंग जवळजवळ नाही. मिटलेल्या पंखांच्या कडेला एक गुलाबी पट्टी, एवढाच. मला ही रंगाची काटकसर मोलाची वाटते. रोहिताला उडण्यापूर्वी पाण्यावरून धावत जावं लागतं, त्यात त्याची ताकद खर्च होते. उथळ पाण्यात डोकं उलटं घालून, चोचीतून चिखलपाणी गाळून एकेक बारीक जीव वेचणाऱ्या पक्ष्याला हा खर्च वारंवार करायला लावणं मला क्रूरपणाचं वाटतं. मग चित्र कितीही देखणं येवो.

धूसरपणाकडंही बघायला हवं. साठ मीटरवर, एफ ५.६ला, या लेन्सची स्पष्ट पट्टी साधारण सात मीटर खोल असते. म्हणून पुढंमागं उभे असलेले नऊही पक्षी नीट आले आहेत. हीच लेन्स घेऊन ती वीस मीटरवर गेली असती तर ही पट्टी एका मीटरच्याही आत आली असती. एक पक्षी धारदार, बाकीचे पुसट. पलीकडं एकशे वीस मीटरवर मात्र सगळं विरघळायला लागतं, पण पूर्ण विरघळत नाही. माणसाचे खांदे कळतात, बांबू धुरकट रेघेसारखा उरतो, नाकडोळे जातात. हा मच्छीमार कुणी अमुक इसम राहत नाही आणि तरी माणूसच राहतो. आमच्या गटात पार्श्वभूमी लोण्यासारखी गुळगुळीत होणं हा गुण मानला जातो. एफ ४च्या ६०० एमएमनं कदाचित ती झालीही असती. इथं लेन्सची मर्यादाच चित्राच्या कामी आली, असं माझं मत आहे.

ती लेन्सही सांगण्याजोगी आहे. कॅनननं १९९३ साली आणलेली, हात स्थिर ठेवायची कुठलीही यंत्रणा नसलेली, वजनाला सव्वा किलो, आणि मैत्रिणीनं ती जुनी विकत घेतलेली. नळीची लांबी जेमतेम पंचवीस सेंटीमीटर, फोकल लेंग्थ मात्र चाळीस. हे जमतं कारण पुढच्या बहिर्गोल भिंगांनी एकत्र आणलेले किरण मागची अंतर्गोल भिंगं पुन्हा थोडे पसरवतात. १८९१ साली इंग्लंडमध्ये डालमायर, आणि जर्मनीत मीटे आणि स्टाइनहाइल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही युक्ती कॅमेऱ्यासाठी वापरली. ती नसती तर रोहितांसमोर होडीत बसून हातात धरता येईल अशी लेन्स आपल्याला मिळाली नसती. पगारदार माणसाच्या आवाक्यात लांब पल्ला आणण्याचं मोठं काम पुढं टॅमरॉन आणि सिग्माच्या १५०-६०० झूमनी आणि २०१५च्या निकॉन २००-५००नं केलं. आमच्या गटात आज अशाच लेन्स जास्त आहेत. त्यांची सोय मोठी, पण वजन दोन किलोच्या आसपास, आणि हलत्या होडीत तासाभरानं मनगट बोलायला लागतं. मैत्रीण हलकी प्राइम सोडत नाही यामागं हेही कारण आहे. स्टॅबिलायझर नाही म्हणून १/१२५०चं शटर, आणि तेवढं शटर मिळावं म्हणून उन्हाची वाट पाहणं.

ऊनही वेळेवर पकडलेलं आहे. प्रकाश डावीकडून, तिरपा, अजून पिवळसर. पायांच्या सावल्या पाण्यावर लांब पडल्या आहेत. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि साठ मीटरच्या त्या थरातून पाहताना कितीही महागाची लेन्स पिसं सुटी दाखवू शकत नाही. आमच्याकडं लेन्स बदलून मऊपणा घालवू पाहणारे आहेत. त्यांचा पैसा वाचवायचा तर त्यांना तासभर लवकर उठवावं. या चित्रात पाण्याला लागून असलेल्या पायांच्या कडा किंचित वितळू लागल्या आहेत. म्हणजे ही शेवटची काही मिनिटं असावीत.

त्याच सायंकाळी गटात दुसरं एक चित्र दाखवलं गेलं. फक्त रोहिताचं डोकं, पूर्ण चौकटभर, चोचीच्या काळ्या टोकावरून पडणारा पाण्याचा थेंब. ६०० एमएम, त्यावर १.४चा कन्व्हर्टर. त्या चित्रानं मला चोचीची आतली कंगव्यासारखी धार दाखवली. इतकी स्पष्ट मी ती पूर्वी पाहिली नव्हती. ते चित्र उत्तम होतं, टाळ्या त्याला योग्यच मिळाल्या. फक्त ते कुठंही काढलेलं असू शकलं असतं.

नऊ रोहितांचं चित्र भिगवणचंच आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, आणि त्याच्या फुगवट्याखाली गावं गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी खूप उतरलं की अजून वर येतं. ज्या उथळ गाळात हे पक्षी खात आहेत तो धरणाचं पाणी सिंचनासाठी सुटत जातं तसा उघडा पडतो. पाण्याच्या पलीकडच्या काठावर, होडीच्याही मागं, चित्रात एक हिरवी पुसट पट्टी आहे. तो ऊस आहे, त्याच पाण्यावर वाढलेला. पक्षी, मासेमारी आणि ऊस एकाच पाण्याच्या चढउतारावर जगतात. साडेपाच मीटरच्या तुकड्यात हे तिन्ही एकामागं एक आले आहेत, आणि मैत्रिणीनं बटण दाबलं त्या क्षणी तिला यातलं किती दिसत होतं हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, पक्षी आणि माणूस दिसत होते, ऊस नंतर घरी दिसला.

तिला आता याची मोठी प्रिंट काढायची आहे. गटातले अजूनही कापायचा आग्रह धरतात. मी तिला सांगितलं की उजवीकडून एक मिलिमीटरही कापू नकोस. कापायचंच असेल तर वरचं थोडं पाणी जाऊ दे, ते रिकामं आहे. कागद मॅट घे, चकचकीत नको, नाहीतर त्या फिकट गुलाबीवर दिव्याची झाक येईल. आणि आकार निदान दीड फूट रुंद असू दे. त्याहून लहान केलंस तर नवव्या पक्ष्याचा डोळा दिसणार नाही.