पर्यावरण शिक्षणातील शिक्षक-प्रशिक्षण : नान्नजच्या माळरानाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

पर्यावरण हा विषय पदवी स्तरावर अनिवार्य होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निर्देशांनंतर आणि विशेषतः २००३ च्या आदेशानंतर शाळा व महाविद्यालये या दोन्ही स्तरांवर या विषयाला स्थान मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व विद्याशाखांसाठी सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम तयार केला. यथावकाश पुस्तके आली, प्रश्नपत्रिका आल्या, गुणपत्रिकेत रकानाही आला. हा विषय शिकवणारा शिक्षक कसा घडवावयाचा, हा प्रश्न मात्र मागे राहिला. या प्रश्नाची सोलापूरच्या परिसराच्या आधारे चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अभ्यासक्रमाची घडण

आयोगाच्या गाभा अभ्यासक्रमात आठ घटक व ५० तासिका होत्या. नैसर्गिक संसाधने, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या अशी त्याची व्याप्ती होती. क्षेत्रकार्यास पाच तासिका होत्या. १०० पैकी ७५ गुण लेखी परीक्षेस आणि २५ गुण क्षेत्रकार्यास होते. म्हणजे एक दशांश वेळेला एक चतुर्थांश गुण! या विभागणीतून अभ्यासक्रमकर्त्यांना क्षेत्रकार्याचे महत्त्व मान्य होते, हे दिसते. व्यवहारात मात्र हेच अंग सर्वांत दुबळे राहिले. प्रकल्प अहवाल बहुधा मागील वर्षीच्या अहवालावरून उतरविले जातात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. याचा दोष केवळ विद्यार्थ्यांना देणे न्याय्य होणार नाही.

हा विषय अनेक ठिकाणी भूगोल वा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाकडे, आणि तेही शक्य नसेल तर ज्याचा कार्यभार कमी पडतो अशा कोणत्याही प्राध्यापकाकडे सोपविला जातो. १९७७ च्या तिबिलिसी परिषदेने पर्यावरण शिक्षण आंतरविद्याशाखीय असावे, असे प्रतिपादन केले होते. आपण त्याचा अर्थ ‘कोणीही शिकवावे’ असा घेतला. वास्तविक आंतरविद्याशाखीय विषयाच्या शिक्षकास अधिक तयारी लागते.

नान्नजचे माळरान : एक कसोटी

या उणिवेचा परिणाम काय होतो, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सोलापूरपासून सुमारे २० कि.मी. अंतरावर नान्नज आहे. येथील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र ८,४९६ चौ.कि.मी. होते, पुढे ते बरेच कमी करण्यात आले. माळढोक २०११ पासून अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या जागतिक यादीत आहे आणि आज नान्नज परिसरात त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. शेतीचा विस्तार, विजेच्या तारा, अधिवासाचे तुकडे होणे अशी याची अनेक कारणे आहेत.

आता वर्गातील चित्र पाहू. ‘पर्यावरण रक्षणासाठी काय कराल?’ या प्रश्नाचे ठरलेले उत्तर ‘झाडे लावू’ हे असते. माळरानाच्या बाबतीत हे उत्तर घातक ठरू शकते. माळढोक उघड्या, गवताळ जमिनीचा पक्षी आहे. तो जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालतो. काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल हे त्याचे सोबतीही मोकळ्या माळावरचे. कुसळी, पवन्या यांसारखी गवते हाच या परिसंस्थेचा पाया आहे. तेथे दाट वृक्षलागवड केल्यास अधिवासच बदलतो. परंतु माळरान म्हणजे ‘पडीक जमीन’, जंगल होऊ न शकलेली उजाड भूमी, ही समजूत महसुली नोंदींपासून शासकीय नकाशांपर्यंत रुजलेली आहे. परिसंस्थेची व्याख्या अचूक सांगणारा शिक्षकही ही समजूत घेऊनच वर्गात येतो आणि पर्यावरण दिनी विद्यार्थ्यांसह माळावर खड्डे खणतो. हेतू चांगला असतो. संकल्पना चुकलेली असते.

दुसरे उदाहरण पाण्याचे. सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. येथील सरासरी वार्षिक पाऊस साधारण ५५० मि.मी.च्या आसपास आहे. असे असूनही उजनीच्या लाभक्षेत्रात ऊस हे प्रमुख पीक झाले. पुणे परिसराचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमेवाटे उजनीत येते. तेच जलाशय सोलापूर शहराचीही तहान भागवते. वहनक्षमता, सुपोषण, अन्नजाळे या तिन्ही संकल्पना शिकविण्यास याहून चांगला पाठ कोणता? तरीही विद्यार्थी सुपोषणाची व्याख्या पाठ करतो आणि उजनीच्या हिरव्या पाण्याशी तिचा संबंध जोडत नाही.

प्रशिक्षणातील उणीव

बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. त्यात पाठ टाचण, सराव पाठ, शैक्षणिक साधने यांचा अभ्यास होतो. हे आवश्यकच आहे. परंतु चार भिंतींतील तासिकेचे तंत्र माळावर उपयोगी पडत नाही. तेथे काय पाहावे, काय नोंदवावे, एका निरीक्षणावरून किती अनुमान काढावे, हे स्वतः केल्याशिवाय येत नाही. प्राध्यापकांचे उद्बोधन वर्ग बहुतांशी व्याख्यानांचे असतात. व्याख्यान ऐकून घडलेला शिक्षक व्याख्यानच देणार.

वेळापत्रक, परीक्षा, निधी यांच्या अडचणी खऱ्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. तथापि पुढील सूचना फारशा खर्चिक नाहीत. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने जवळचे एकच स्थळ निवडून पावसाळा, हिवाळा व उन्हाळा या तिन्ही ऋतूंत त्याची नोंदवही ठेवावी. माळरानाची माहिती असलेले वनरक्षक व मेंढपाळ यांना प्रशिक्षणात मार्गदर्शक म्हणून निमंत्रित करावे. क्षेत्रकार्याचे मूल्यमापन अहवालाच्या बांधणीवरून न करता मूळ नोंदींवरून व तोंडी परीक्षेवरून करावे. सरतेशेवटी, वृक्षारोपणाचा कार्यक्रम घेण्यापूर्वी ‘ही जागा पूर्वी काय होती?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावा.

समारोप

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये पर्यावरण शिक्षणाची नवी मार्गदर्शक तत्त्वे व अभ्यासक्रमाचा आराखडा दिला आहे. आराखडा बदलल्याने शिक्षक आपोआप बदलत नाही, हा मागील दोन दशकांचा धडा आहे. माळरानाला पडीक समजणाऱ्या शिक्षकाच्या हाती नवे पुस्तक दिले तरी तो तीच चूक नव्या शब्दांत शिकवील, आणि त्याचे विद्यार्थी उद्या तलाठी, अभियंता, सरपंच होऊन तीच चूक जमिनीवर उतरवतील. म्हणून अभ्यासक्रमाच्या पुढील पुनर्रचनेआधी शिक्षकाला एकदा नान्नजच्या माळावर उभे करणे अगत्याचे आहे.