वाळूची आठवण, फुफाट्याची वाट

मुक्कामाच्या आठवणी सांगणारा माणूस थोडे खोटे बोलतोच. त्याचा दोष मी त्याला देत नाही. उघड्यावर काढलेली रात्र दुसऱ्या दिवशी अंग आंबवते, दहा वर्षांनी तीच रात्र गोड लागते, आणि तीस वर्षांनी तर तिच्यातला वारा, किडे आणि अर्धी कच्ची भाकरी ह्या साऱ्यांचाच सुगंध येऊ लागतो. वाळवंटातल्या प्रवासाची जी पुस्तके जगभर आवडीने वाचली जातात, त्यांचे मर्म ह्या गोडव्यात आहे, आणि त्यांचे वैगुण्यही ह्यातच आहे. गेल्या उन्हाळ्यात बेल्ह्याला असताना अशी दोन इंग्रजी पुस्तके मी पुन्हा वाचली: राल्फ बॅग्नोल्ड ह्यांचे ‘लिबियन सँड्स’ आणि विल्फ्रेड थेसिजर ह्यांचे ‘अरेबियन सँड्स’. पहिले 1935 चे, दुसरे 1959 चे. दोघेही इंग्रज, दोघेही वाळूच्या प्रेमात पडलेले. परंतु एक मोटारीचा भक्त, तर दुसरा मोटारीचा हाडवैरी.

बेल्हे हे काही वाळवंट नव्हे. पण कल्याणहून निघालेली सडक माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाटा करीत इथवर आली, की हिरवा रंग हळूहळू विटू लागतो. पुढे आणे घाट, आणि वर आण्याचे पठार. जुन्नर तालुक्याचा पश्चिम भाग पावसाने चिंब भिजत असताना हे पठार ढगांकडे नुसते पाहत बसते. इथल्या गाडीवाटेवर उन्हाळ्यात घोट्याइतका फुफाटा असायचा. त्या फुफाट्यातून बैलगाडीत बसून गेलेल्या माणसाला वाळूत रुतलेल्या मोटारीची गोष्ट परकी वाटत नाही.

बॅग्नोल्ड हे लष्करातले अधिकारी. 1920 नंतरच्या दशकात इजिप्तमध्ये नेमणूक असताना रजेच्या दिवसांत त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या बाजूच्या वाळूच्या महासागरात शिरण्याचा नाद लावून घेतला. खर्च पदरचा. आजवर उंटांनीही टाळलेल्या टेकड्यांवर त्यांनी साध्या शहरी मोटारी चढवल्या. हे कसे साधले, ते ह्या पुस्तकात वाचताना मोठी मौज येते, कारण इथे लेखक बढाई मारीत नाही, जुगाड सांगतो. टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर पाऊल रुंद पडते. चाक रुतले तर त्याखाली पोलादी पन्हळी घालायच्या. रेडिएटरमधले पाणी उकळून वाफ होऊन जाई, म्हणून त्या वाफेला नळी जोडून ती शेजारच्या डब्यातल्या पाण्यात सोडायची, म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी होते. मोटारीच्या लोखंडामुळे चुंबकसूची भलतीच दिशा दाखवी. तेव्हा सूर्याच्या सावलीवरून दिशा सांगणारी तबकडी वापरायची. आपल्याकडचा एखादा हुशार गाडीवान हे वाचील, तर मान डोलावून म्हणेल, “हां, हा माणूस वाटेचा आहे.”

वाऱ्याकडची बाजू मंद चढाची आणि घट्ट, तर आडोशाची बाजू उभी आणि ढासळती, हे टेकडीचे व्याकरण बॅग्नोल्ड ह्यांनी आधी चाकांनी शिकून घेतले आणि मग प्रयोगशाळेत वाऱ्याचे बोगदे उभारून तपासले. त्यातून 1941 मध्ये उडत्या वाळूच्या पदार्थविज्ञानावरचा त्यांचा ग्रंथ झाला. तो आजही शास्त्रज्ञ वापरतात, आणि मंगळावरच्या एका वाळूच्या पट्ट्याला त्यांचे नाव मिळाले आहे. रजेच्या दिवसांतली हौस किती लांब जाऊ शकते, त्याचा ह्याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

इतके असूनही ह्या पुस्तकात मला एक जागा खटकते, आणि ती त्याच्या मुखपृष्ठावरच आहे. उपशीर्षकात ह्या प्रदेशाला मेलेले जग म्हटले आहे. आठवणीला असे जग फार सोयीचे असते. तिथे कुणी राहत नाही, म्हणून कुणाला विचारावे लागत नाही. आपली चाकोरी हीच पहिली चाकोरी! पण ते जग खरोखर मेलेले होते काय? 1931 च्या जानेवारीत इटलीच्या फौजांनी कुफ्रा हे मरुद्यान जिंकले, तेव्हा तिथली माणसे बायकामुलांसह ह्याच वाळवंटात पळाली. कित्येक तहानेने वाटेत पडली. काही इजिप्तच्या बाजूला पोहोचली, काहींना पाहणीच्या कामावर असलेल्या क्लेटन ह्यांच्या मोटारींनी उचलले. हौशी मुक्कामाची वाळू आणि जीव घेणारी वाळू एकच. रजेवर आलेल्याला ती चांदण्यात दिसते, पळणाऱ्याला उन्हात.

थेसिजर ह्यांचे पुस्तक ह्या बाबतीत फार वेगळे आहे. ते माणसांनी भरलेले आहे. अरबस्तानच्या दक्षिणेला ‘रब अल खाली’ म्हणजे रिकामा चतुर्थांश नावाचे प्रचंड वाळवंट आहे. ते पार करणारे थेसिजर पहिले युरोपीय नव्हेत. बर्ट्रम टॉमस आणि फिल्बी त्यांच्याआधी पार झाले होते. थेसिजर तिथे टोळांच्या शोधासाठी म्हणून गेले. टोळधाडीची पैदास कुठे होते ते पाहायचे, हे सरकारी निमित्त, मनात दुसरेच. 1946-47 आणि 1947-48 अशा दोन हिवाळ्यांत रशीद टोळीतल्या बदाऊनांबरोबर उंटांवरून त्यांनी ते ओलांडले. बिन कबीना आणि बिन घबैशा हे त्यांचे दोन तरुण सोबती पुस्तकभर आपल्याबरोबर चालतात.

त्यातला एक प्रसंग मी आमच्या घरातल्या मुलांना नेहमी सांगतो. दिवसचे दिवस उपाशी चाललेल्या मंडळींना एकदा ससा मिळाला. तो शिजला, वाटे झाले, आणि एवढ्यात कुठूनसे अनोळखी अरब आले. वाळवंटाची रीत अशी की पाहुण्यांपुढे सगळे ठेवायचे. ठेवले! यजमान पुन्हा उपाशी. आणि पाहुण्यांना ‘तुम्ही आलात हे आमचे भाग्य’ असे सांगायचे. थेसिजर मोकळेपणाने कबूल करतात की त्या क्षणी त्यांच्या मनात पाहुण्यांविषयी काही चांगले विचार नव्हते. ह्या कबुलीमुळे पुस्तक उंचावते. सोबत्यांच्या मोठेपणापुढे आपण लहान पडलो, हे सांगणारा प्रवासी विरळा.

पण पुढे काय होते पाहा. लिवाच्या अलीकडे सोबती अन्न आणायला गेले आणि थेसिजर उपाशी पडून राहिले. तेव्हा त्यांनी स्वतःशी ठरवले की खुर्चीत बसून रेडिओ ऐकण्यापेक्षा आणि अरबस्तानात फिरायला मोटारींवर विसंबण्यापेक्षा ही भूक बरी. वाक्य वाचताना अंगावर काटा येतो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मनात प्रश्न येतो: ही भूक कुणाची? साहेबांची भूक स्वतः निवडलेली होती. बिन कबीनाची भूक जन्माबरोबर आलेली. थेसिजरना परतायला लंडन होते. त्या पोराला परतायला तेच वाळवंट होते. थेसिजर स्वतःच एके ठिकाणी म्हणतात की मोटारीने जाता आले असते, तर उंटावरून जाणे हा नुसता दिखाऊ खेळ ठरला असता. किती खरे! मग ज्या दिवशी बिन कबीनाला मोटार मिळाली, त्या दिवशी त्याने उंटावरच बसावे, ही इच्छा तरी दुसरे काय?

आणि तसेच झाले. 1977 मध्ये थेसिजर परत गेले, तेव्हा तेलाच्या पैशाने सारे पालटले होते, सोबती मोटारींतून फिरत होते. थेसिजर विरस होऊन परतले, आणि पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी तो विरस लिहिलाही. 1990 च्या भेटीनंतर मात्र बदलाशी त्यांनी समेट केला. टीकाकार म्हणून मला त्या मूळ पुस्तकाइतक्याच ह्या प्रस्तावना मोलाच्या वाटतात.

आज त्याच लिवाच्या बाजूला, दुबई-अबुधाबीत नोकरी करणारी आपली मराठी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी गाड्या घेऊन जातात. वाळूत शिरण्यापूर्वी टायरची हवा कमी करतात. बॅग्नोल्डचा तो जुगाड आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. रात्री तंबू, थालीपीठ, गाणी. मुले मोठी होऊन पुण्याला आली की त्यांना त्या रात्रींची हुरहूर लागते. ह्या हुरहुरीला मी हसणार नाही. मराठीत मात्र तिचे लेखन अजून व्हायचे आहे. ज्याला ते करायचे असेल, त्याने एवढे ध्यानात ठेवावे की गाडी बाहेर काढायला हात लावणारा, पाणी आणून देणारा, तंबू ठोकणारा माणूसही त्या रात्री तिथे होता. तोही बहुधा आपल्यासारखाच दूरदेशी आलेला असतो.

आपल्या भाषेला ही दृष्टी नवी नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुण्या एकाची भ्रमणगाथा’ ह्या पुस्तकातला परिक्रमावासी नर्मदेच्या काठाने चालतो तो भिक्षेवर. दुसऱ्याच्या चुलीवर पोट असणाऱ्याला दुसऱ्याला विसरता येत नाही. त्यामुळे त्या लेखनातून माणसे गळत नाहीत.

इतके सगळे मी साहेबांना ऐकवले. आता माझी पाळी.

बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार साऱ्या मुलखात प्रसिद्ध. लांबलांबच्या गाड्या रविवारी रात्रीच येऊन सुटत. 1972 च्या दुष्काळात, दिवाळीनंतर, मी दहा वर्षांचा असताना चुलत्यांबरोबर पठारावरून त्या बाजाराला गेलो होतो. शेजाऱ्यांची गाडी, आमची बैलजोडी मागे दोरीने बांधलेली. सडक सोडून गाडीवाटेने निघालो. उतारावर गाडीवान कासरे ओढून धरी, चाके दगडांवरून धडधडत, आणि मी साट्यावर पालथा पडून मागच्या बैलांची तोंडे पाहत होतो. खाली बाजाराच्या माळावर शंभर ठिकाणी आगट्या पेटल्या होत्या. घुंगरांचा आवाज, कडब्याचा वास, गुळाचा कोरा चहा, वर आभाळभर चांदण्या. मी गाडीखाली घोंगडीत झोपलो. आयुष्यातला माझा सर्वांत सुंदर मुक्काम तो. ह्यावर मी तरुणपणी एक ललित लेखही लिहिला होता. त्यात आगट्या होत्या, चांदण्या होत्या, रुमालाखाली बोटे धरून सौदा करणारे हेडी होते.

जोडी का विकली, ते त्या लेखात नव्हते. पठारावर वैरण संपली होती, विहिरीला तळ लागला होता. सगळ्या मुलखाने त्याच बाजारात बैल आणलेले, घेणारे थोडे. दुपारपर्यंत भाव उतरत गेला. रुमालाखाली कुणाची बोटे किती धरली गेली ते मला दिसले नाही, आणि तात्यांनी कधी सांगितले नाही. परतताना गाडीच्या मागे दोरी नुसती लोंबत होती, तीही मला आता आठवते. लेख लिहिताना आठवली नव्हती.

तो लेख छापून आल्यावर मी मोठ्या हौसेने तात्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, “चांगलं लिवलंस. त्या रातीला लई गारठा व्हता. माझी घोंगडी तुझ्या अंगावर व्हती.” आणि गोठ्याकडे निघून गेले.

आता पठारावर ट्रॅक्टर आहेत. जुन्नर तालुका 2018 मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. नाणेघाटाकडे, धरणांच्या काठांवर शहरातली मंडळी तंबू लावतात, तरुण पोरे मोटारसायकली मुद्दाम कच्च्या वाटेला घालतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंद केलेल्या आणि 2021 च्या डिसेंबरात पुन्हा मोकळ्या केलेल्या शर्यतींसाठी घाटांवर घोडी पुढे आणि बैल मागे असे पुन्हा धुरळा उडवीत धावतात. सोमवारी बेल्ह्याला बाजार भरतोच. उन्हाळ्यात पुस्तके वाचून झाल्यावर मी एकदा तिकडे चक्कर टाकली. एक माणूस बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. शेजारी त्याचा नातू मोबाईलवर बैलांचे फोटो काढत होता. माझ्या हातात थेसिजरचे पुस्तक होते. पोराने विचारले, “आजोबा, ह्यात काय आहे?” मी म्हटले, “उंट.” तो म्हणाला, “विकायला?”