तंजावरचा पाहुणा आणि परभणीची पंगत

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. इंग्लंडचे ख्यातनाम शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी ते घडविले आणि भोसले कुळातील सरफोजी राजांनी ते घडवून घेतले. मृत्युशय्येवरील वृद्ध लुथरन धर्मगुरू ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्झ, त्यांचा हात हाती घेऊन उभा असलेला तरुण मराठा राजा, जवळच श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके आणि शय्येपाशी काही मुले, एवढाच त्यातील प्रसंग. ख्रिस्ती लेखनात आणि प्रवचनांत या गुरुशिष्यांची कथा मोठ्या गौरवाने सांगितली जाते. परक्याचे स्वागत कसे करावे, याचा वस्तुपाठ म्हणून ती पुढे ठेवली जाते. कथा खरी आहे. परंतु ती ज्या रीतीने सांगितली जाते, त्या रीतीविषयी आम्हाला काही लिहावयाचे आहे. कारण शिल्पात ज्यांना जागा मिळाली नाही, ती माणसे कथेतूनही गळून पडली आहेत.

परभणी जिल्ह्यातील वाचकांना लुथरन हे नाव शाळेच्या इतिहासातील मार्टिन लुथर यांच्यापुरतेच ठाऊक असावयाचे. सेमिनरीतील आमच्या दिवसांत ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला लुथर यांच्याविषयी पुष्कळ शिकविले गेले. त्यांच्या अनुयायांनी भारतात काय केले, याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. म्हणून थोडी पूर्वपीठिका देतो. तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी हे गाव १६२० पासून डेन्मार्ककरांच्या ताब्यात होते. तेथे ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेयस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुट्शाउ हे दोन जर्मन लुथरन धर्मप्रसारक उतरले. सभोवतालचा मुलूख तंजावरच्या मराठ्यांचा होता आणि गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजी होते. अर्थात, भारतातील पहिली लुथरन मंडळी वाढली ती मराठ्यांच्या राज्याला लागूनच. महाराष्ट्राबाहेरचा हा इतिहास आपल्यालाही थोडा जवळचा वाटावा, तो यासाठी.

श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगंबाडीस आले आणि १७७८ पासून त्यांचे वास्तव्य तंजावरास होते. त्यांना तमिळ येई, फारसी येई, आणि दरबाराची भाषा म्हणून ते मराठीही शिकले. हैदर अलीच्या स्वारीनंतर दुष्काळ पडला, तेव्हा आधी साठवून ठेवलेल्या तांदळावर त्यांनी अनेकांना जगविले. शेतकरी सरकारी माणसांवर विश्वास ठेवीनात. ते श्वार्ट्झ यांच्या शब्दावर धान्य घेऊन आले. १७८७ मध्ये तुळजाजी राजे वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दहा वर्षांच्या दत्तक सरफोजीला याच पाद्र्याच्या हाती सोपविले. पुढे राज्य अमरसिंहांकडे गेले, मुलाचे हाल होऊ लागले, तेव्हा श्वार्ट्झ यांनी इंग्रजांपाशी रदबदली केली आणि मद्रासेस गेरिके यांच्या देखरेखीखाली त्याच्या शिक्षणाची सोय लावली. १७९८ च्या फेब्रुवारीत गुरू गेले. त्याच वर्षी शिष्य गादीवर बसला.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांनी व्हावे म्हणून उपकाराचा दबाव आणला गेला नाही. त्यांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बाळबोध मुक्तावळी’ या नावाने छापून घेतले, आणि गुरूच्या स्मरणार्थ स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या. पाहुण्याला त्याच्या जागी राहू द्यावे, त्याच्या बुद्धीला खाद्य द्यावे आणि बदल्यात काही मागू नये. याहून थोर पाहुणचार कोणता? येथपर्यंत आम्ही त्या शिल्पाला मनोमन वंदन करतो.

आता त्याच चर्चमधील जमिनीकडे पाहू. तंजावर आणि तरंगंबाडी येथील लुथरन मंडळ्यांत वेल्लाळ ख्रिस्ती एका बाजूला बसत आणि परैयर ख्रिस्ती वेगळ्या बाजूला. प्रभुभोजनासाठी पुढे जाण्याचा क्रमही तसाच होता: आधी ते, मग हे. धर्मप्रसारकांना हे रुचत होते असे नाही. परंतु हा देशाचा लौकिक रिवाज आहे, हळूहळू सुटेल, असे म्हणत त्यांनी तो शतकभर चालू दिला. म्हणजे स्नानसंस्कार न घेतलेल्या राजासाठी शय्येच्या उशाशी जागा होती, आणि स्नानसंस्कार घेतलेल्या परैयराला वेल्लाळाच्या शेजारी जागा नव्हती. पाहुणा घरात आला आणि घरचा माणूस ओसरीवर राहिला.

राजनायक्कन या माणसाचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. जातीने परैयर, तंजावरच्या मराठा राजाच्या फौजेत नायक, आणि जन्माने, वाचकहो, कॅथलिक. त्याच्या हाती तमिळ शुभवर्तमानांची छापील प्रत पडली. त्सीगेनबाल्ग यांच्या छापखान्यातून ती १७१४ मध्ये बाहेर पडली होती. तो वाचीत गेला आणि १७२७ च्या सुमारास लुथरन मंडळीत दाखल झाला. आपल्या लोकांनी त्याला विरोध केला; पण त्याला वाचावयास पुस्तक का दिले नव्हते, हा प्रश्न आपल्यातील कोणाला पडल्याचे दिसत नाही. त्याने पुढे उपदेशक म्हणून आयुष्यभर काम केले, आणि तेही गोऱ्या पाद्र्यांना राजाच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नव्हते अशा मुलखात. १७३३ मध्ये आरोन या वेल्लाळ गृहस्थाला दीक्षा मिळाली आणि तो पहिला भारतीय लुथरन धर्मगुरू झाला. १७४१ मध्ये दियोगो यांना मिळाली. राजनायक्कनच्या नावाचा विचार झाला आणि ते बाजूला ठेवण्यात आले, कारण परैयराच्या हातून प्रभुभोजन घ्यावयास इतर तयार होणार नाहीत अशी भीती होती. ज्या मंडळीने त्याला पुस्तक दिले, तिने त्याला वेदी दिली नाही. आमच्या मते फ्लॅक्समन यांच्या शिल्पाखाली हे नाव कोरले असते, तर ते शिल्प पूर्ण झाले असते.

श्वार्ट्झ यांच्या हाताखाली सरफोजींच्याच पिढीतील आणखी एक मुलगा वाढला. वेदनायगम शास्त्री हे त्याचे नाव. श्वार्ट्झ यांनी त्याला बाराव्या वर्षी तिरुनेलवेलीहून आणले. तो तमिळ ख्रिस्ती कवितेचा महाकवी झाला. ‘बेथलेहेम कुरवंजी’ हे त्याचे काव्य १८०० मधले. एकाच गुरूचे हे दोन शिष्य: एक पाहुणा, एक घरचा. या घरच्या शिष्याच्या वाट्याला आलेला झगडा आम्हाला राजाच्या कथेपेक्षा अधिक शिकविणारा वाटतो. १८२० नंतर नव्या दमाचे धर्मप्रसारक आले. त्यांनी सांगितले की सर्वांनी एकत्र बसावे व एकत्र प्रभुभोजन घ्यावे. त्यांनी हेही सांगितले की सणसमारंभातील फुले बंद, उपासनेतील तमिळ संगीत बंद, आणि बायबलचे जुने भाषांतर जाऊन नवे येईल. शास्त्रींनी या चारही गोष्टींना क्रौर्य म्हटले आणि त्यांविरुद्ध लिहिले. मंडळीतील त्यांचे काम गेले. १८२९ मध्ये त्यांना आश्रय दिला तो सरफोजींनी, आपल्या दरबारात. पाहुण्याने घरच्या माणसाला घर दिले!

टीकाकाराने येथे कोणाची बाजू घ्यावी? शास्त्रींचे जातिविषयक लेखन वाचवत नाही. जात हा केवळ लौकिक भेद आहे, ज्याने त्याने आपापल्या पंक्तीत बसावे, ख्रिस्तात सर्व एक आहेतच, हा युक्तिवाद आपल्या गावोगावच्या पाटलांच्या तोंडून आपण ऐकलेला आहे. पण संगीताविषयीचे त्यांचे दुःख खरे होते. ज्या भाषेत आई अंगाई गाते, त्या भाषेच्या तालावर मंडळीत बंदी येते, तेव्हा सभासद चर्चमध्ये परका होतो. आम्हा कॅथलिकांना ही गोष्ट पटावयास १९६३ साल उजाडावे लागले, तेव्हा कोठे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला दार उघडले. (फादर स्टीफन्स यांना ती १६१६ मध्येच कळली होती. राशोलला छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ याची साक्ष आहे. मधली साडेतीन शतके आम्ही काय करीत होतो, असे कोणी विचारले तर उत्तर देणे अवघड आहे.) शास्त्रींनी भाषा राखली आणि पंगत मोडू दिली नाही, नव्या पाद्र्यांनी पंगत एक केली आणि भाषा काढून घेतली. मंडळीचे संगोपन करणाऱ्या दोन हातांपैकी प्रत्येकाकडे एकच होता.

१८३३ मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद तत्काळ आणि कायमचा टाकावा, असा आदेश काढला. तोपर्यंत तंजावरच्या मंडळ्या अँग्लिकनांकडे आल्या होत्या. शेकडो लोक बाहेर पडले. पुढे १८४० नंतर लाइपझिगचे लुथरन मिशन आले. त्याने जातीबाबत सबुरीचे धोरण धरले आणि बाहेर पडलेल्यांपैकी अनेक त्याच्याकडे गेले. स्वागत झाले, मोठ्या मनाने झाले. पण ज्यांना शेजारी नको होता, अशांचे ते स्वागत होते. सबुरीलाही एक वय असते. शंभर वर्षांनंतर तिला सबुरी म्हणणे कठीण जाते.

हे लुथरनांचे उणे काढण्यासाठी आम्ही लिहीत नाही. १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व लुथरन यांनी नीतिमान ठरविले जाण्याच्या सिद्धान्ताविषयी संयुक्त घोषणा केली, त्यानंतर एकमेकांची पापे मोजण्याचा धंदा शोभणाराही नाही. आणि मोजावयाचीच तर तिरुनेलवेलीकडील वडक्कनकुळम येथील आपले चर्च आठवावे. तेथे दोन जातींसाठी एकाच वेदीपासून फुटणारे दोन वेगळे मंडप बांधले होते, मधे भिंत होती, आणि ती भिंत १९१० मध्ये पाडावी लागली. लुथरनांकडे जमिनीवर वेगळ्या जागा होत्या. आपण विटा रचल्या.

मराठीत या विषयावरचा खरा ग्रंथ कोणता, असे विचारल्यास आम्ही निःसंकोचपणे ‘स्मृतिचित्रे’ म्हणू. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मकथेची वाखाणणी भाषेसाठी आणि विनोदासाठी होते, ती योग्यच. परंतु एखादी मंडळी पाहुण्याला कशी सांभाळते, याचे इतके बारीक चित्र आमच्या वाचनात दुसरे नाही. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच. ख्रिस्ती वस्तीत राहणाऱ्या या बाईंचे स्वयंपाकपाणी वेगळे, देव वेगळे. त्यांना कोणी घाई केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांचा त्यांनीच सोडविला, कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे ठरविले, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. क्रम लक्षात घ्यावा: आधी पंगत, मग संस्कार. तंजावरात नेमके उलट झाले होते. आणि टिळकांनी भजन-कीर्तन चर्चमध्ये आणले. म्हणजे शास्त्रींची भाषा आणि विल्सन यांची पंगत एका घरात नांदली. तरी टिळकांचेही संस्थेत पुरते समाधान झाले नाही. १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही सामावून घेतले, यावरून उंबरठ्यावरच्या माणसांची सोय तोवर झालेली नव्हती, हे उघड आहे.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. ‘स्मृतिचित्रे’ ही ब्राह्मण पाहुणीने लिहिलेली कथा आहे. तिच्या सोवळ्याचे दडपण ज्यांच्यावर येत होते, त्या महार-मांग ख्रिस्ती शेजाऱ्यांना ती येताना, राहताना, बदलताना कशी दिसली? त्या बाजूने लिहिलेले ‘स्मृतिचित्रे’ मराठीत नाही. राजनायक्कनने लिहिले असते तर जे वाचावयास मिळाले असते, तेच येथेही राहून गेले.

आमच्या मराठवाड्यात ‘पाहुणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वाटेने येणारा अनोळखी माणूस पाहुणा, आणि लेकीच्या सासरची माणसेही पाहुणे. पहिल्याला आपण ‘राम राम पाहुणं, कुठलं गाव?’ म्हणतो, चहा पाजतो, आणि चहाच्या कपाबरोबरच आडनाव विचारून घेतो. आडनाव कळले की पुढचे सगळे कळते. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात हेच घडते. तेथे फक्त ‘राम राम’च्या ऐवजी ‘जय येशू’ असते. पुढच्या खुर्च्या बाहेरून आलेल्या साहेबमंडळींना आणि सतरंजी धर्मग्रामातल्या माणसांना, ही मांडणीही आपल्या अंगवळणी पडली आहे. दुसऱ्या अर्थाच्या पाहुणेपणापर्यंत फार थोडे पोहोचतात. विवाहाच्या नोंदवहीत जातीचा रकाना नाही, परंतु सोयरीक जुळविताना ती पहिल्याच बैठकीत निघते. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली आणि मराठी कवितेत त्याच घरातील लेक म्हणून मान पावली. त्या गंगाखेडापासून आपली चर्चेस फार दूर नाहीत.

या जिल्ह्यात जी कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांतील बहुतेकांनी त्याची किंमत रोख मोजली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती दलित अद्याप बाहेर आहेत. कागदावर जात नाही म्हणून सवलत नाही, आणि चर्चच्या आवारात जात आहे म्हणून सोयरीक नाही, अशा दुहेरी कात्रीत तो तरुण सापडतो. तो दुसऱ्या मंडळीकडे गेला की आपण ‘त्याला फूस लावली’ म्हणतो. राजनायक्कन गेला तेव्हाही असेच म्हटले गेले असेल.

या त्रैमासिकाच्या वाचकांपाशी आमचे एक मागणे आहे. गावोगावी उपदेशाचे काम केलेल्या जुन्या मास्तरांच्या वह्या अनेक घरांत पेटीत पडून आहेत. त्यांत ओवीच्या आणि भारुडाच्या चालीवर रचलेली गाणी आहेत, मयताच्या वेळी म्हणावयाची भजने आहेत, कोणत्या वस्तीत कोणी पाणी दिले व कोणी दिले नाही याच्या नोंदी आहेत. वाळवीने त्या संपविण्याआधी त्यांची नक्कल करून संपादकांकडे पाठवावी. अक्षर लागत नसेल तर वही तशीच पाठवावी. आम्ही लावून घेऊ.