कूतचा वेढा आणि शिपायाचा शिधा

सेनापतींचीं आत्मवृत्तें वाचतांना वाचकानें एक पथ्य पाळावें, असें आम्हांस वाटतें. लढायांच्या हकीकती त्यानें खुशाल वाचाव्या. परंतु कोठाराचा विषय निघाला कीं तेथें थांबून हिशेब मागावा. मेजर जनरल टाऊनशेंड यांचें मेसोपोटेमियांतील मोहिमेवरील पुस्तक १९२० सालीं निघालें. त्यांतील कूत-अल्-अमारा येथील वेढ्याचा भाग या पथ्याची परीक्षा घेणारा आहे. हा वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला आणि अखेर सुमारें तेरा हजार माणसें तुर्कांच्या हातीं पडलीं. वेढलेल्या सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें मराठ्यांच्या १०३, ११० व ११७ या पलटणी होत्या; तेव्हां हा विषय आम्हां मराठी वाचकांना परका नाहीं.

सेनापतींची तक्रार थोडक्यांत अशी, कीं हिंदी शिपायांनीं घोड्याचें मांस खाण्यास फार दिवस नकार दिला आणि त्यामुळें तग धरण्याचे दिवस घटले. हिंदुस्थानांतील धर्मगुरूंची अनुज्ञाही मिळविण्यांत आली होती. तरी पुष्कळांनीं एप्रिलपर्यंत तें मांस शिवलें नाहीं. या तक्रारींत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. ताजें मांस खाणारे गोरे सैनिक स्कर्व्हीपासून बव्हंशीं वांचले आणि हिंदी शिपाई तिला बळी पडले, हें खरें आहे.

पण हें चित्र अर्धेंच आहे. त्याच वेढ्यांत गोऱ्या सैनिकांना बेरीबेरीनें गांठलें. कारण त्यांचा पाव कोंडा काढलेल्या पांढऱ्या पिठाचा होता आणि त्यांत ब१ जीवनसत्त्व उरलेलें नव्हतें. शिपायाच्या जाड्याभरड्या आट्यांत तें होतें, म्हणून तो या रोगापासून सुटला. पुढें पांढरें पीठ संपून गोऱ्यांच्याही वांट्याला आटा व जव आले, तेव्हां त्यांची बेरीबेरी कमी झाली. एकाच तटबंदींत दोन शिधे आणि दोन रोग! तरी गोऱ्या शिपायाच्या पांढऱ्या पावाच्या आवडीला कोणी दुराग्रह म्हटलें नाहीं. हिंदी शिपायाच्या संकोचाला मात्र पराभवाचें कारण ठरविलें. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. आरंभीं सेनापतींनीं शिल्लक धान्याचा जो अंदाज बाहेर कळविला, तो फारच थोडा होता. जानेवारीच्या उत्तरार्धांत गांवांतील घरें शोधलीं, तेव्हां जवाचा मोठा सांठा हातीं आला. तोंपर्यंत सुटकेस निघालेल्या फौजेनें घाईनें हल्ले चढवून आपलीं हजारों माणसें गमावलीं होतीं. शिपायाच्या ताटांत काय नको याची जेवढी चौकशी झाली, तेवढी गांवाच्या कणगींत काय आहे याची पहिल्याच आठवड्यांत झाली असती, तर इतिहास कदाचित् निराळा झाला असता.

तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक आहे. कूतच्या बाहेर, जेथें घोड्याच्या मांसाचा प्रश्नच नव्हता, तेथेंही १९१६ सालीं हजारों हिंदी शिपाई स्कर्व्हीनें आजारी पडले. तेव्हां दोष केवळ धर्मभावनेचा कसा म्हणावा? शिपायाच्या शिध्याचा कणा आटा, डाळ व तूप हा होता. ताजी भाजी आणि मांस नदीमार्गें वेळेवर पोंचत नव्हतें. जीवनसत्त्व हें नांव १९१२ सालीं नुकतेंच सुचविलें गेलें होतें हें मान्य; परंतु ताज्या फळांनीं स्कर्व्ही बरी होते हें लिंडनें १७४७ सालींच प्रयोगानें दाखविलें होतें. अज्ञानाची सबब येथें चालण्यासारखी नाहीं.

याच महायुद्धाच्या काळांत लंडनच्या लिस्टर संस्थेंत हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें, कीं वाळलेल्या कडधान्यांत स्कर्व्ही रोखण्याचा गुण जवळजवळ नसतो; तीं भिजवून मोड आणले कीं तो उत्पन्न होतो. आमच्या घरांतून मटकीला मोड आणून उसळ करण्याची रीत किती जुनी आहे, हें वाचकांस सांगावयास नको. तिचें शास्त्र गृहिणीला ठाऊक नव्हतें, हें खरें. पण जें पोत्यांतल्या कडधान्यानें व नदीच्या पाण्यानें साधलें असतें, तें शिधा ठरविणाऱ्यांनीं कधीं तिला विचारलें नाहीं.

टाऊनशेंड यांचें पुस्तक वाचूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. वाचावें, मात्र १९१७ सालचा मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल शेजारीं ठेवून वाचावें. वैद्यकीय व्यवस्थेची आणि वाहतुकीची जी दैना त्यांत नमूद आहे, ती पाहिल्यावर हिरड्या सुजलेल्या त्या मराठा शिपायाला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्यास कोणाही न्यायी वाचकाचें मन धजणार नाहीं.