‘ओरिजिनल’ गाडी म्हणजे नेमकी कोणती?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघा जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. “सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज काढलंत की काय?” (हशा) सोडलेलं काही नाही. बदलत राहणारी वस्तू ‘तीच’ कशी राहते, या प्रश्नावर मी वर्गात आयुष्यभर बोललो. जुन्या गाड्या बाळगणारी माणसं तोच प्रश्न दर रविवारी हातात पाना घेऊन सोडवत असतात. माझ्याकडे साठच्या दशकातली एक फियाट ११०० आहे. अशाच गाड्या असलेल्या सात-आठ जणांचा आमचा गट आहे. तेव्हा आज मी जी टीका करणार आहे, ती घरातली टीका आहे असं समजा.

टीका एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे ‘ओरिजिनल’.

काटेकोर बोलायचं तर ‘व्हिंटेज’ म्हणजे १९१९ ते १९३० या काळातली गाडी. पण आपल्याकडे हा शब्द सैलपणे वापरला जातो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. ‘ओरिजिनल’चं तसं नाही. त्या शब्दावर किंमत ठरते, स्पर्धेतले गुण ठरतात. परीक्षक वाकून बघतात. दिव्याची काच त्या काळची आहे का, स्क्रूचं डोकं कसं आहे, रंगाची छटा कारखान्याच्या यादीत होती का. आणि आता तर हा शब्द कायद्यातही आला आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात आणि ती दहा वर्षं चालते. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी.

हेतू चांगलाच आहे. पण आता बघा. पन्नास वर्षं जी गाडी खरोखर रस्त्यावर धावली, तिचं इंजिन एकदा तरी उघडलेलं असणारच. सिलिंडर रिबोअर झाले असतील, पिस्टन ओव्हरसाइज आले असतील, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला असेल. यातली दुरुस्ती कुठे संपली आणि फेरफार कुठे सुरू झाला? ‘मूळ स्वरूप’ म्हणजे कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तो एक क्षण धरायचा का? तसं असेल तर सगळ्यात ओरिजिनल गाडी म्हणजे जी कोणी कधी चालवलीच नाही ती.

हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच गाडीवरूनच विचारला गेला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ. मिलिंद राजा रथातून भिक्षू नागसेनाला भेटायला येतो. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग नागसेन म्हणतो, रथात बसून आलो असं सांगतोस आणि रथ तर कुठे दिसत नाही! अखेर असं ठरतं, की या सगळ्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालतं, भागांपलीकडे रथ नावाचं वेगळं काही नाही.

नैयायिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरी असते. पण ते तितकेच कडक आहेत. वस्त्रातला एक धागा काढला की जुनं वस्त्र नष्ट झालं आणि दुसरं उत्पन्न झालं! त्या हिशेबाने आमची फियाट दर सर्व्हिसिंगला नवी. (हशा) गंमत सोडा, पण आपले परीक्षक नकळत नैयायिक असतात. एक भाग बदलला की त्यांच्या दृष्टीने गाडी थोडी मेली.

आता एक खरा खटला सांगतो. इंग्लंडमध्ये बेंटली कंपनीची एक स्पीड सिक्स गाडी होती, ‘ओल्ड नंबर वन’ म्हणून प्रसिद्ध. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३०, लागोपाठ दोन वर्षं जिंकली. पुढे तिच्यात मोठं इंजिन बसवलं. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डनफी त्यात गेला. गाडी पुन्हा बांधली गेली, बॉडी बदलली, वर्षानुवर्षं भाग बदलत गेले. काही दशकांनी ती एक कोटी पौंडांना विकायचा करार झाला. आणि घेणारा अडून बसला. म्हणाला, ही ती गाडीच नाही, शर्यत जिंकलेल्या गाडीतलं हिच्यात उरलंय काय?

१९९० साली न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. त्यांनी केलेला भेद मला फार मोलाचा वाटतो. ही गाडी काटेकोर अर्थाने ‘ओरिजिनल’ म्हणता येणार नाही, असं ते म्हणाले. पण ती ‘ऑथेंटिक’ आहे. आपण ‘अस्सल’ म्हणू. कारण मधल्या काळात ती कधी नाहीशी झाली नव्हती. बदल टप्प्याटप्प्याने झाले आणि त्यातून एकच गाडी सलग चालत आली. म्हणजे अस्सलपणा पत्र्यात नव्हता, तो न तुटलेल्या इतिहासात होता.

पण इथे थांबू नका. हा निकाल आपल्याला सोयीचा आहे म्हणून तो डोळे मिटून घेऊ नये. सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने एक अडचण दाखवून ठेवली आहे. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, ठीक. पण काढलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचं जहाज जोडलं तर? मग दोन जहाजं! जुन्या गाड्यांच्या दुनियेत हे नुसतं कल्पनेत राहत नाही. एक चासी, एक नंबराचा बिल्ला, एक कागद हाती असला की त्याभोवती गाडी उभी करणारे लोक आहेत. इतिहास सलग आहे असं कोणीही म्हणेल. म्हणून माझ्या मते सलगतेचा नुसता दावा पुरत नाही, सलगतेचा हिशेब द्यावा लागतो. काय बदललं, कधी, कोणी, कशामुळे. त्या खटल्यातसुद्धा न्यायालयाला निर्णय देता आला, तो गाडीच्या बदलांचा माग लावता आला म्हणून.

जुन्या वाहनांची एक जागतिक संघटना आहे, फिवा, १९६६ सालची. तिने २०१२ मध्ये ‘ट्युरिन चार्टर’ स्वीकारलं. त्यात हेच तत्त्व आहे. हस्तक्षेप कमीत कमी करा, वापराच्या काळात झालेले बदल हाही इतिहास माना, आणि जे कराल त्याची नोंद ठेवा. मसुदा उत्तम आहे. माझी टीका एवढीच, की तो नोंद ठेवणारी कार्यशाळा गृहीत धरतो. आपल्या गाड्या कोणी जगवल्या? आयात बंद असताना, सुटे भाग मिळत नसताना, लेथवर बुश कातून देणाऱ्या टर्नरने. इटलीत ११०० बंद झाल्यावरही कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तीच गाडी, पुढे पद्मिनी नावाने, तीन दशकांहून अधिक काळ बनत राहिली. मुंबईच्या टॅक्सींमुळे तिचे भाग टिकले आणि ते बसवणारे हातही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सींचाही निरोप झाला. त्या हातांनी काय काय केलं, ते कुठल्याच कागदावर नाही.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आमची फियाट पूर्ण रिस्टोर करायला दिली. स्पर्धेची हौस, दुसरं काय! काम सुरेख झालं. आरशासारखा रंग, फ्लोअरचा सगळा पत्रा नवा. आमचे जुने मिस्त्री बघायला आले. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं मॅटिंग उचललं, आत हात फिरवला आणि विचारलं, “सर, आपलं ठिगळ कुठंय?”

एका पावसाळ्यात तिथला पत्रा सडला होता. मिस्त्रींनी टॅक्सीच्या भंगारातला तुकडा आणून गॅस वेल्डिंगने जोडला होता. त्या ठिगळावर पाय ठेवून मी बावीस वर्षं गाडी चालवली. रिस्टोर करणाऱ्याने ते कापून भंगारात दिलं. त्याने मला विचारलं होतं. मीच म्हटलं होतं, “काढून टाका, ओरिजिनल नाही ते.”

त्या वर्षी आम्हाला बक्षीस मिळालं. मिस्त्री अभिनंदन करून गेले, पण ते ठिगळ परत येणार नव्हतं आणि त्याचा एक फोटोही माझ्याकडे नव्हता.

नवा पत्रा घालणं चूक होतं असं मी म्हणत नाही. सडलेल्या फ्लोअरवर माणसं बसवायची नसतात, आणि गाडी चालायला हवी, नाहीतर तिला संग्रहालयात ठेवा. चूक ही, की मी दुरुस्तीला डाग समजलो. ज्या बदलांमुळे गाडी माझ्यापर्यंत पोचली, त्यांनाच मी तिच्या अस्सलपणाच्या आड येणारे मानलं.

आता आमच्या गटात आम्ही एक साधी गोष्ट करतो. प्रत्येक गाडीत एक वही असते. डायनॅमो भरून आणला, किंग पिनचे बुश बदलले, कार्बोरेटर जुन्या बाजारातून आणला, जे असेल ते तारखेसह लिहायचं. काम ज्याने केलं त्याची खाली सही घ्यायची. काढलेला भाग शक्य असेल तर जपायचा, नाहीतर निदान फोटो. आमच्या मिस्त्रींनी पहिल्यांदा सही करताना बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. म्हणाले, “बिलावर करतो सही. गाडीवर पहिल्यांदाच.”

माझी मागणी एवढीच आहे. स्पर्धेत स्क्रूचं डोकं जरूर तपासा. पण गुण देण्याआधी ती वहीही मागा. ज्याच्याकडे वही आहे त्याची ठिगळं लावलेली गाडी, वही नसलेल्या चकचकीत गाडीपेक्षा कमी अस्सल ठरत असेल, तर आपला मापदंड तपासायला हवा.

तुमच्यापैकी कोणाच्या दारात जुनी गाडी, स्कूटर, सायकल उभी असेल, तर आज घरी गेल्यावर वहीचं पहिलं पान लिहा. तिला जगवणारा माणूस अजून आहे, तोवर त्याला विचारून लिहा.

आता प्रश्न घेऊ.